साबणात स्वयंपाकघर: काय टिकलं, काय गेलं

प्रयोगवही

साबण करायला लागून वर्ष होत आलं. हात जरा बसल्यावर माझी नजर ओट्यावरच्या डब्यांवर जायला लागली. हळद घालू का, मध घालू का, उरलेली कॉफी ओतून बघू का. दोन-तीन घाणे असेच मनाला येईल तसे केले आणि कशामुळे काय झालं ते काहीच कळलं नाही, कारण दर वेळी तेलंही बदलत होते. मग ठरवलं, एकच घाणा करायचा आणि तो वाटून घ्यायचा.

घाणा असा: ऑलिव्ह तेल ३०० ग्रॅम, खोबरेल १५०, एरंडेल ५०. कॉस्टिक सोडा ७० ग्रॅम, पाणी १४०. सुपरफॅट, म्हणजे सोड्याच्या वाट्याला न येणारं जादा तेल, साधारण साडेपाच टक्के. ट्रेस (मिश्रण दाटसर होऊन वर रेघ टिकायला लागते तो टप्पा) आल्याआल्या सहा डब्यांत समान ओतलं आणि प्रत्येकीत पाव छोटा चमचा एकेक वस्तू. पहिली डबी कोरी ठेवली. तिचा पुढे सगळ्यात जास्त उपयोग झाला.

सहा आठवडे मुरल्यावर:

हळदीची डबी ढवळताना विटकरी लाल झाली, मी घाबरलेच. मुरता मुरता ती गेरूकडे आणि मग पिवळसर नारिंगीकडे आली. सुंदर दिसते.

बीटाची पूड ओतेपर्यंत गुलाबी होती, दुसऱ्या दिवशी मातकट. अगदी निराशा.

मधाची वडी बदामी झाली, कोरीपेक्षा फेस जरा जास्त, पण मऊ.

कॉफीचा चोथा: वास शून्य, प्रत्येक कणाभोवती तपकिरी डाग आणि अंगाला सँडपेपर.

ओट्सची बारीक पूड: दिसायला काही नाही, हाताला मात्र दुधाळ, निसरडा फेस. माझी सगळ्यात आवडती हीच.

तुम्ही काय काय घातलंय? अमुक गोष्ट त्वचेला चांगली असते हे सगळीकडे वाचायला मिळतं, ते नको. वडीत प्रत्यक्षात काय झालं ते लिहा.

निळाई

वाचतेय आणि हसतेय, कारण माझा मधाचा किस्सा अजून ताजा आहे. पाचशे ग्रॅम तेलाला मी तीन मोठे चमचे मध घातला. वर साचा दोन टॉवेलांत गुंडाळून ठेवला, म्हणजे छान ऊब मिळेल. अर्ध्या तासाने ओट्यावरून खाली काहीतरी टपटपतंय असा आवाज आला. साबण साच्यातून वर येऊन, मधोमध फुटून, दुधासारखा उतू जात होता. टॉवेल गेला, ओट्यावरचा रंगही थोडा गेला. उरलेल्या वड्यांतून आठवडाभर तपकिरी पाक पाझरत होता.

प्रयोगवही

बाप रे! हात वगैरे भाजला नाही ना?

निळाई

नाही, हातमोजे आणि चष्मा होता. सवय लागली होती म्हणून वाचले.

मोजमाप

धागा उत्तम. कोरी वडी ठेवल्याबद्दल वेगळं अभिनंदन, ती कोणी ठेवत नाही.

मधाचं कारण सांगतो. मधातली साखर मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. या दोन्ही तीव्र अल्कलीत धड राहत नाहीत, तुटतात, तपकिरी होतात आणि वर उष्णता देतात. साबण होताना मुळातच उष्णता निघत असते, त्यात ही भर. निळाई, तुमच्या टॉवेलांनी ती बाहेर जाऊ दिली नाही, मग ज्वालामुखी होणारच. पाचशे ग्रॅम तेलाला एक छोटा चमचा मध पुरे, तोही थोड्या पाण्यात कालवून. आणि मधाचा साबण गुंडाळायचा नाही, उघडा आणि गार जागी ठेवायचा.

साधी साखर यापेक्षा शहाणी. तिच्यात ग्लुकोज-फ्रुक्टोज एकमेकांना बांधलेले असतात आणि अल्कलीत ती बांधणी बरीच टिकते. त्यामुळे साखरेचं पाणी सोडा घातल्यावर फारसं काळवंडत नाही, मधाचं बघता बघता चहाच्या रंगाचं होतं. फेस वाढवायला एक छोटा चमचा साखर पाण्यात आधी विरघळवून, मग त्यात सोडा. मधाने फेस वाढला असं तुम्हाला वाटलं तेही या साखरेचंच काम.

नवशिकी

ताई, मी अजून एकही घाणा केलेला नाही, फक्त वाचते. एक बाळबोध प्रश्न. हळद लाल का झाली? आपण कपड्यावर साबण लावला की हळदीचा डाग लाल होतो तसंच का?

मोजमाप

तसंच, अगदी तेच. बाळबोध कुठला, नेमका प्रश्न आहे. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत तांबडं होतं. ताज्या मिश्रणात मोकळा सोडा भरपूर, म्हणून विटकरी. साबण तयार होतो तसा सोडा संपत जातो आणि वडी पिवळ्याकडे परतते. पूर्ण पिवळी होत नाही, कारण तयार साबणही अल्कलीच, सामू ९ ते १० च्या आसपास.

सावकाश

प्रयोगवही, ती हळदीची वडी अर्धी कापा. एक तुकडा कपाटात ठेवा, एक खिडकीत. महिन्याभराने इथे सांगा.

प्रयोगवही

ठेवली. पण सावकाश, तुम्ही असं कोड्यात बोलता तेव्हा मला उत्तर आधीच कळतं.

तिरपागडे

मी इथला ठरलेला विरोधक, तर विचारतोच. हे सगळं करून त्वचेला मिळतं काय? साबण अंगावर अर्धा मिनिट, मग गटारात. हळदीची वडी, मधाची वडी, काकडीची वडी... मला तर ही रंगीत कोशिंबीर वाटते.

सावकाश

अर्ध्याहून जास्त पटतंय तुमचं. वीस-बावीस वर्षं साबण करतोय. सुरुवातीला मीही लिंबाच्या वडीवर जीवनसत्त्व क असं लिहून नातेवाइकांना वाटायचो. तीव्र सोड्यात ते जीवनसत्त्व टिकत नाही हे नंतर कळलं, तोवर सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं होतं. आता मी एवढंच विचारतो: ही वस्तू सोड्याच्या तावडीतून सुटली तर मागे काय उरतं? कशाचा रंग उरतो, कशाची साखर, कशाचा खरखरीतपणा, कशाचं मीठ. उरेल ते खरं काम करतं. बाकीचं नावापुरतं.

आणि तिरपागडे, कोशिंबीर असेल तर असू दे की. वडी दिसायला चांगली असली तर बिघडलं काय?

तिरपागडे

दिसण्यासाठी म्हणताय तर माझी हरकत मागे घेतो. गुणांच्या पाट्या लावणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

ओलीमाती

लिंबाचा विषय निघालाच आहे तर माझं दुखणं सांगते. कुठेतरी वाचलं की साबण फार अल्कली असतो, त्यात आंबट घातलं की सौम्य होतो. म्हणून पाण्याऐवजी पूर्ण व्हिनेगर वापरलं. प्रयोगवहींच्याच मापाचा घाणा होता: तेल पाचशे, सोडा सत्तर, व्हिनेगर एकशे चाळीस. सोडा घालताना गरम वाफ नाकात गेली ती वेगळीच. साबण चार दिवस साच्यातून निघेना. निघाला तो चिकट, आणि महिना झाला तरी बोट रुततंय. सौम्य म्हणाल तर आहे, पण फेस कुठाय?

मोजमाप

ओलीमाती, गणित मांडूया, कारण यात जादू काही नाही.

पाच टक्क्यांचं व्हिनेगर १४० ग्रॅम म्हणजे अ‍ॅसिटिक आम्ल ७ ग्रॅम. ६० ग्रॅम आम्ल ४० ग्रॅम सोडा खातं. म्हणजे तुमच्या ७ ग्रॅमने ४.७ ग्रॅम सोडा तेलापर्यंत पोचूच दिला नाही. ७० मधले उरले ६५.३. या तेलांना पूर्ण साबण व्हायला लागतो ७४ च्या जवळपास. सुपरफॅट साडेपाचवरून जवळजवळ १२ टक्क्यांवर गेला. चिकटपणा त्याचाच.

उपाय: तेवढा सोडा जादा घालायचा, म्हणजे ७० ऐवजी ७४.७. मग तयार होणारं सोडियम अ‍ॅसिटेट वडी टणक करतं, हा व्हिनेगरचा खरा फायदा. आणि व्हिनेगर आधी थंडगार करा, सोडा चिमटी-चिमटीने घाला, खिडकी उघडी ठेवा.

सौम्यपणाचं म्हणाल तर आम्लाने साबणाचा सामू त्वचेइतका खाली आणताच येत नाही. मोकळा सोडा संपला की आम्ल साबणालाच धरतं आणि त्याची पुन्हा मेदाम्लं करून टाकतं. वडी सौम्य झाली असं वाटतं, खरं तर तिच्यातला साबण कमी झालेला असतो.

ओलीमाती

म्हणजे मी महिनाभर तेलाचा गोळा मुरवत बसले होते! आता याचं काय करू?

सावकाश

किसून पुढच्या घाण्यात थोडा थोडा घाला, नाहीतर धुण्याच्या कपड्यांना. फेकू नका.

नवशिकी

मोजमापकाका, मग साबण शिजवून झाल्यावर लिंबू घातलं तर? म्हणजे हॉट प्रोसेसमध्ये, साबण तयार झाल्यावर. सोडा संपलेला असतो ना?

मोजमाप

काका! ठीक आहे, चालेल.

सोडा संपलेला असतो, म्हणूनच लिंबू तेव्हा थेट साबणावर जाईल. वर लिहिलं तेच होईल, जरा जास्त जोरात.

सायट्रिक आम्ल आवडत असेल तर त्याचा उजेडातला मार्ग आहे. कोरडं, पाणी नसलेलं सायट्रिक आम्ल दर ग्रॅमला ०.६२५ ग्रॅम सोडा खातं. तेलाच्या एक टक्का, म्हणजे पाचशेला ५ ग्रॅम घ्या, पाण्यात विरघळवा, आणि ३.१ ग्रॅम सोडा हिशेबापेक्षा जास्त घाला. तयार होतं सोडियम सायट्रेट. ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं, त्यामुळे क्षाराच्या पाण्यात बादलीला बसणारा तो राखाडी साका कमी होतो. ताज्या लिंबात आम्ल किती ते दर लिंबाला बदलतं. चवीला चालतं, साबणाला नाही.

खटपट्या

खायच्या सोड्याबद्दल कोणी बोललंच नाही. मी घातला होता, फेस येतो असं ऐकून.

मोजमाप

तो सगळ्यात वाईट. ८४ ग्रॅम खायचा सोडा ४० ग्रॅम कॉस्टिक सोडा गिळून धुण्याचा सोडा बनतो. १० ग्रॅम घातला असेल तर पावणेपाच ग्रॅम कॉस्टिक गेला. फेस नाहीच वाढत.

खटपट्या

दहा नाही, दोन मोठे चमचे होते. बोलत नाही काही.

आता मिरचीचं ऐका. पाप्रिकाने, म्हणजे तिखट नसलेल्या लाल मिरचीच्या पुडीने, छान केशरी रंग येतो असं वाचलं. घरात पाप्रिका नव्हती, लाल तिखट होतं. लालच तर आहे, म्हटलं. रंग खरंच सुरेख आला. दाढीआधी चेहऱ्याला लावला आणि दोन तास गालांवर ओला रुमाल धरून बसलो. एवढं सोड्यातून गेलं, सहा आठवडे मुरलं, तरी तिखटाने आपलं काम सोडलं नाही.

तिरपागडे

शेवटी एक वस्तू सापडली जी सोड्याला पुरून उरते.

निळाई

दालचिनीचंही तसंच, रच्याकने. पूड घातली तर अंगाला झोंबते, आणि दालचिनीचं किंवा लवंगेचं तेल घातलं तर मिश्रण हातातच घट्ट होतं. माझा लवंगतेलाचा घाणा ब्लेंडरला चिकटून उभा राहिला होता. चमच्याने कोंबून साचा भरला.

सावकाश

पाप्रिका तेलात भिजवून, गाळून वापरावी. पूड थेट घातली की खरखरते आणि ठिपके दिसतात. अ‍ॅनाटो नावाच्या झाडाच्या रंग देणाऱ्या बियांचंही तसंच, गरम तेलात मंद आचेवर ठेवल्या की पिवळ्यापासून नारिंगीपर्यंत हवी ती छटा. गाजराचा पिवळा रंगही बरा उतरतो. हे सगळे तेलात विरघळणारे रंग.

पाण्यात विरघळणाऱ्यांवर भरवसा ठेवू नये. बीट गेलं ते त्यामुळेच. लाल कोबीचा रस घालून बघा, करमणूक म्हणून. जांभळा रस सोड्यात आधी निळा-हिरवा, मग पिवळट होतो. जास्वंदीचं पाणी तसंच. पालकाचा हिरवा थोडे दिवस राहतो, उजेडात गवत वाळल्यासारखा होतो. कोको तेवढा बिनधास्त, तो मुळातच तपकिरी आहे, त्याचं सोडा काय बिघडवणार!

रानफूल

फुलांच्या पाकळ्यांचं सांगा ना कोणी. गुलाबाच्या पाकळ्या घातल्या होत्या, उंदराच्या लेंड्यांसारख्या दिसतात आता.

सावकाश

सोड्यात गेल्या की बहुतेक पाकळ्या तपकिरीच होतात. कॅलेंड्युलाच्या, म्हणजे झेंडूसारख्या दिसणाऱ्या फुलाच्या, पिवळ्या टिकतात. बाकी सजावटीसाठी वरून, साबण घट्ट झाल्यावर, आणि तरीही लेंड्यांची तयारी ठेवून.

दुधाळ

आयडी बघूनच कळलं असेल मी काय करते. दुधाचे साबण सोडून दुसरं काही करत नाही, तेव्हा सविस्तर लिहिते.

पहिल्या वेळी दूध कोमट होतं. सोडा टाकला आणि दूध पिवळं, मग केशरी, मग तपकिरी झालं. वास असा की कोणीतरी अमोनियाची बाटली उघडलीय. मोजमापांनी मधाचं लिहिलंय तेच इथे आहे: दुधातली साखरही सोड्यात तपकिरी होणाऱ्यांपैकी. वास प्रथिनांचा, सोडा ती तोडतो. मुरल्यावर वास जातो, रंग राहतो.

मग बर्फ करायला लागले. दुधाचे बर्फाचे खडे भांड्यात, भांडं बर्फाच्या पाण्यात, सोडा चमच्या-चमच्याने. वीस मिनिटं ढवळत बसावं लागतं. रंग हस्तिदंती येतो. पण यात एक गोम आहे. दुधातली चरबी त्या थंड सोड्यात आधीच साबण व्हायला लागते, गुठळ्या होतात, आणि खाली न विरघळलेला सोडा राहिला तर त्या गुठळ्यांमुळे दिसत नाही. म्हणून गाळून घ्यायचं, न चुकता.

आता मी तेही सोडलं. सोड्याच्या वजनाइतकंच पाणी घेते. ७० ग्रॅम सोडा, ७० ग्रॅम पाणी. त्याहून कमी नाही, सोडा विरघळणार नाही. उरलेलं ७० ग्रॅम दूध थेट तेलात घालून ब्लेंडर फिरवते आणि मग गार झालेलं सोड्याचं पाणी. फार दाट पाणी असतं हे, हातमोज्यांशिवाय बघूही नका त्याच्याकडे. दुधाची पूड तेलात कालवली तर याहून सोपं.

दही, ताक, साय, सगळं याच रस्त्याने जातं. दही आंबट म्हणून थोडा सोडा खातं, पण व्हिनेगरइतका नाही. मी हिशेबात धरत नाही. आणि दुधाचा साबणही गुंडाळायचा नाही, फ्रीजमध्ये ठेवते मी पहिली रात्र.

प्रयोगवही

दुधाळ, हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा. वाचनखूण साठवली.

एक विचारू? दुधाने वडीत नक्की काय फरक पडतो? कोरी वडी शेजारी ठेवून कधी बघितलंत?

दुधाळ

प्रामाणिकपणे? डोळे मिटून हात धुतले तर फेस जरा बारीक आणि दाट वाटतो. त्यापलीकडे काही सांगता येणार नाही. कोरी कधी केली नव्हती. तुम्ही विचारलंत म्हणून आता करून बघेन.

तिरपागडे

या धाग्यावर माणसं खरं बोलायला लागलीत. जपून.

अंडंपोळी

मी अंड्याचा पिवळा बलक घालतो, पाचशे ग्रॅमला एक. आधी थोड्या तेलात फेटून, गाळून, आणि मिश्रण फार गरम नसताना. गरम असलं तर ऑम्लेटचे तुकडे होतात, अनुभवाने सांगतोय. दोन आठवडे गंधकाचा बारीक वास येतो, मग जातो. वडी पिवळसर आणि फेस मलईसारखा. पांढरा भाग मात्र घालत नाही.

नवशिकी

अ‍ॅव्होकॅडो, केळं, काकडी? आणि हे साबणात सडत नाहीत का?

सावकाश

गर अगदी बारीक वाटलेला आणि थोडा असेल, पाचशेला एक मोठा चमचा, तर सहसा काही होत नाही. साबणाच्या अल्कलीत बुरशीला घर करणं अवघड जातं. तुकडे राहिले की त्यांच्याभोवती तपकिरी डाग आणि ओल. काकडी म्हणजे जवळजवळ पाणीच, तेवढं पाणी सोड्याच्या पाण्यातून वजा करा. केळ्यात साखर भरपूर, तेव्हा निळाईंचा टॉवेल आठवा.

बुरशीपेक्षा खवटपणाची जास्त काळजी करा. तीन-चार महिन्यांनी वडीवर नारिंगी ठिपके आणि जुन्या तेलाचा वास आला तर तेल खवट झालंय. सूर्यफूल, सोयाबीन यांसारखी तेलं जास्त असली, किंवा जादा तेल खूप ठेवलं, की हे लवकर होतं. धातूचे अंश याला हातभार लावतात. मोजमापांचं सायट्रेट इथेही उपयोगी पडतं, ते धातू धरून ठेवतं.

खटपट्या

मिठाची वडी केलीये का कोणी? समुद्राच्या पाण्यातसुद्धा फेस येतो म्हणे.

मोजमाप

येतो, पण तो मान मिठाचा नाही, खोबरेलाचा. बहुतेक साबण खाऱ्या पाण्यात विरघळत नाहीत, फुटून वर येतात. कारखान्यांत साबण ग्लिसरीनपासून वेगळा करायला मीठ घालतात ते याच कारणासाठी. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान साखळीचं, त्याचा साबण मिठालाही पुरून उरतो. म्हणून जहाजांवर खोबरेलाचे साबण चालायचे.

कृती: खोबरेल ५००, सोडा ७३ ग्रॅम, म्हणजे सुपरफॅट २० टक्के. एवढा लागतोच, नुसत्या खोबरेलाचा साबण कातडी कोरडी करतो. ट्रेसला २५० ग्रॅम बारीक साधं मीठ. सुट्या साच्यांत ओता. एकसंध लादी ओतलीत तर काही तासांतच कापावी लागते, उशीर केलात तर सुरी लागताच ठिकऱ्या उडतात. मॅग्नेशियमवालं मीठ नको, त्याने साका होतो आणि वडी घाम सोडते.

साध्या वडीला नुसता टणकपणा हवा असेल तर पाचशेला एक छोटा चमचा मीठ पाण्यात आधी विरघळवा, मग सोडा. उलट केलंत तर मीठ तळाशी बसून राहील.

रानफूल

हे सगळं वाचून आजच करावंसं वाटतंय. घरात अ‍ॅल्युमिनियमचं मोठं पातेलं आहे, चालेल?

सावकाश

नाही! कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन वायू सोडतो. स्टेनलेस स्टील किंवा जाड प्लॅस्टिक, आणि ती भांडी पुन्हा जेवणात नाहीत. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. पाणी क्षणात उकळीजवळ जातं. अंगावर उडालं तर भरपूर वाहतं पाणी, बराच वेळ. व्हिनेगर लावायला धावू नका. डोळ्याला चष्मा नसेल तर साबण आज नको, उद्या करा. आणि कोणाचंही माप, अगदी या धाग्यावरचंसुद्धा, स्वतः साबणाच्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये घालून तपासल्याशिवाय वापरू नका.

रानफूल

पातेलं परत वर ठेवलं. धन्यवाद.

प्रयोगवही

महिना झाला, हळदीचा निकाल. कपाटातला तुकडा तसाच. खिडकीतला वरून फिका, साय पडल्यासारखा, आत कापला तर पिवळा. सावकाश, जिंकलात.

दुसरं, मी फेस मोजायला सुरुवात केलीय. वडीचा एक ग्रॅम कीस, १०० मिली पाणी, झाकणाची उभी बाटली, दहा वेळा हलवायची आणि पट्टीने फेस मोजायचा. पाच मिनिटांनी पुन्हा. कोरी, साखर, मध आणि ओट्स अशा चार घेतल्या. साखर आणि मधात फरक दिसला नाही, दोन्ही कोरीच्या पुढे. ओट्सचा फेस उंचीने कोरीइतकाच, पण पाच मिनिटांनीही बसला नव्हता. एकदाच केलंय, तेव्हा लगेच कोणी दगडावर कोरू नका.

मोजमाप

बाटल्या एकसारख्या होत्या? पाणी तेच?

प्रयोगवही

पाणी तेच. बाटल्या... एक जरा रुंद होती.

मोजमाप

कोणती?

प्रयोगवही

ओट्सची. हो, कळलं. पुन्हा करते.

दुधाळ

माझाही निकाल घ्या. एकाच घाण्याचे दोन भाग, एक दुधाचा, एक पाण्याचा. घरातल्या चौघांना न सांगता दिले. दोघांनी दुधाची वडी ओळखली, एकाने पाण्याची दुधाची म्हणून सांगितली, चौथा म्हणाला दोन्ही सारख्याच आहेत, पण ही तपकिरी खायची आहे का?

तिरपागडे

चौथ्याला माझा आयडी द्या.